नमुना आठ आणि कुंकू

महामारीतून गाव सावरले म्हणजे नेमके काय झाले, हे समजून घ्यायचे असेल तर ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या दोन वह्या काढून पाहाव्यात. एक ठरावांची, जिला गावोगाव ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. दुसरी कर आकारणीची नोंदवही, म्हणजे नमुना आठ. घर कोणाच्या नावावर आहे आणि घरपट्टी कोणाच्या नावे निघते, हे तिच्यात असते. रुग्णसंख्येचे आलेख, खाटांची मोजदाद, लसीकरणाची टक्केवारी यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले. पण घरातला कर्ता पुरुष गेल्यावर त्या घराचे पुढे काय झाले, याची उत्तरे मला आलेखांपेक्षा या दोन वह्यांत जास्त सापडली. काही उत्तरे तिथे नसण्यातूनही सापडली.

गेली तीन-चार वर्षे मी पश्चिम महाराष्ट्रातल्या काही तालुक्यांत कोरोनाने पती गमावलेल्या बायकांच्या कागदांचा माग काढत फिरते आहे. सुरुवातीला माझा विषय सरकारी योजनांपुरता होता. हळूहळू लक्षात आले की योजना मुंबईत जाहीर होते, तिची फाइल तालुक्यात तयार होते, पण ती बाई फाइलपर्यंत पोहोचणार की नाही हे गावात ठरते. म्हणून हा लेख गावाच्या सरकारविषयी आहे.

त्या काळात स्थानिक स्वराज्याच्या खुर्चीत कोण होते, ते आधी पाहू. राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी सापडले. त्याच वर्षी जवळजवळ निम्म्या ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. निवडणुका घेणे शक्य नव्हते, म्हणून प्रशासक नेमायचे ठरले. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने गावातल्याच ‘योग्य व्यक्ती’ला नेमण्याचा घाट घातला गेला. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि प्रशासक म्हणून सरकारी कर्मचारीच नेमावे लागले. मग १५ जानेवारी २०२१ रोजी निवडणुका झाल्या. त्या कार्यक्रमात १४,२३४ ग्रामपंचायती होत्या. निवडून आलेली मंडळी खुर्चीत बसून जेमतेम दोन-तीन महिने झाले होते, तोच दुसरी लाट आली.

शहरांत याच्या उलट घडले. औरंगाबाद आणि नवी मुंबई महापालिकांची मुदत २०२० च्या एप्रिल-मेमध्ये संपली, कोल्हापूरची त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, मुंबईची मार्च २०२२ मध्ये. नंतर कितीतरी वर्षे तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. म्हणजे ज्या काळात माणसे सावरण्याचे काम करायचे होते, त्या काळात शहरातल्या बाईला दार ठोठवायला नगरसेवकच नव्हता. ‘क्षेत्रसभा’ नावाची गोष्ट आपल्या महापालिका कायद्यात २००९ पासून आहे, पण ती भरल्याचे मी कुठे पाहिलेले नाही. ग्रामसभा मात्र, कितीही मोडकी असो, भरत होती. पुढे जे काही वेगळे घडले ते खेड्यात का घडले, याचे एक कारण इतके साधे आहे.

पहिल्या वर्षी ग्रामपंचायतींनी काय केले, ते बहुतेकांना आठवत असेल. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, आशा आणि अंगणवाडी सेविका यांच्या दक्षता समित्या झाल्या. मुंबई-पुण्याहून परतलेल्यांना चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवले गेले. वेशीवर बाभळीच्या फांद्या आणि बैलगाड्या आडव्या लावल्या गेल्या. या काळात वित्त आयोगाच्या निधीवरचे व्याज ‘आर्सेनिक अल्बम’ या होमिओपॅथीच्या गोळ्यांसाठी वळवायचाही निर्णय झाला. गावाच्या पैशाचे काय करायचे हे गावाला न विचारता ठरण्याची आपल्याकडची रीत महामारीनेही मोडली नाही, एवढेच त्यावर म्हणता येईल.

जून २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ‘कोरोनामुक्त गाव’ स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसुली विभागात तीन बक्षिसे: ५० लाख, २५ लाख आणि १५ लाख. गावांना गुण द्यायला २२ निकष होते. हिवरे बाजारसारख्या गावांनी आपल्या बळावर साथ आटोक्यात आणली होती, त्या अनुभवाचा या कल्पनेमागे मोठा वाटा होता. स्पर्धेला माझा विरोध नाही. आपली गावे ग्रामस्वच्छता अभियानापासून स्पर्धांनी हलतात, हे खरेच आहे. पण त्या स्पर्धेचा भर गावातून रोग जाण्यावर होता. रोग जाताना काय घेऊन गेला, हे मोजण्याची जागा तिच्यात नव्हती. शून्य रुग्णांचे गाव आणि सात विधवांचे गाव ही दोन्ही एकच गावे असू शकतात, आणि होती.

कोण गेले याची मोजदाद पुढे भलत्याच वाटेने झाली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात मृतांच्या कुटुंबांना सानुग्रह साहाय्य देण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने ५० हजार रुपये ठरवले आणि ४ ऑक्टोबरला न्यायालयाने त्याला मान्यता दिली. चाचणीपासून तीस दिवसांत आलेला मृत्यू, मग तो रुग्णालयाबाहेर झालेला असला तरी, कोरोनाचा धरायचा असे ठरले. महाराष्ट्राचा शासननिर्णय नोव्हेंबरअखेर निघाला. दिरंगाईबद्दल न्यायालयाने राज्याला डिसेंबरात झापले. मग जानेवारी २०२२ मध्ये जे आकडे न्यायालयासमोर आले ते बोलके होते. नोंदलेले मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात आणि साहाय्यासाठी आलेले अर्ज २ लाख १३ हजारांहून जास्त. काही अर्ज दुबार असतील, काही चुकीचे असतील. तरीही सरकारच्या मोजणीतून सुटलेले मृत्यू लोकांच्या मोजणीत सापडले, असा त्याचा अर्थ मी लावते. पन्नास हजार रुपयांच्या अर्जाने मृतांची शिरगणती केली.

या अर्जाला आधार, बँक खाते, मोबाइल, मृत्यूचा दाखला, चाचणीचा अहवाल किंवा डॉक्टरांचे मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र लागत होते. दुसऱ्या लाटेत पेशंट एका तालुक्यातून दुसऱ्या जिल्ह्यात हलवलेला, तिथे खाट नाही म्हणून तिसरीकडे. दाखला निघणार तो मृत्यू जिथे झाला तिथल्या नगरपालिकेतून. बाई गावात, दाखला शंभर किलोमीटरवर. आणि मोबाइल बहुतेक वेळा दिराचा किंवा सासऱ्याचा. ओटीपी त्यांच्याकडे येणार. “पैसे आले का हो, ते मला दीर सांगतील तेव्हा कळणार,” असे एकीने मला सांगितले. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते. तिच्या दृष्टीने तो घरातल्या व्यवहाराचा नेहमीचा भाग होता.

सरकारला हे दिसत नव्हते असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महिला व बालविकास विभागाने ‘मिशन वात्सल्य’ सुरू केले (याच नावाची केंद्राची योजना वेगळी आहे; दोन्हींत घोळ करणारे अधिकारीही मला भेटले). तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली तालुका समिती आणि गावपातळीवर पथके. त्यांनी घरोघरी जाऊन एकल महिलांना योजनांशी जोडायचे, अशी कल्पना. ‘विधवा’ऐवजी ‘एकल’ हा शब्द सरकारी कागदात रुळायला हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचा पाठपुरावा बराच कारणीभूत आहे. समितीचे कार्यकर्ते तालुक्यातालुक्यांत तहसीलदारांच्या मागे लागले नसते तर कित्येक ठिकाणी मिशनची बैठकच झाली नसती. जिथे कार्यकर्ता होता तिथे बैठक झाली, जिथे नव्हता तिथे शासननिर्णय फाइलीत राहिला. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याची पाच लाखांची ठेव, एक पालक गेलेल्यांना बालसंगोपनाचे तेव्हाचे दरमहा ११०० रुपये (पुढे ते २२५० झाले), संजय गांधी निराधार योजनेचे तेव्हाचे १००० रुपये. निराधार योजनेची वार्षिक उत्पन्नाची अट मात्र २१ हजार. म्हणजे वर्षभर रोज साठ रुपये मिळवणारी बाईसुद्धा त्या अटीत बसत नाही. मग तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला ‘बसवून’ घ्यावा लागतो. मदत मिळण्याआधी बाईला खोटे बोलायला लावणारी ही अट इतकी वर्षे कशी टिकली, याचे मला अजून नवल वाटते.

ही सगळी पैशाची बाजू. पण याच्या आधी आणखी काहीतरी घडून गेलेले असायचे, आणि त्यासाठी कोणत्याही योजनेत रकाना नव्हता.

लॉकडाऊनच्या काळात अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती. कोरोनाने गेलेल्याचा देह बहुधा घरी आणतच नसत. पालिकेचे कर्मचारी परस्पर अंत्यसंस्कार करत. दहाव्याला नदीकाठी गर्दी नाही, तेराव्याचे जेवण नाही. शेकडो वर्षे ‘असे केलेच पाहिजे’ म्हणून पाळलेल्या गोष्टी एका सरकारी आदेशाने एका दिवसात थांबल्या, आणि कोणाच्या पूर्वजांनी येऊन जाब विचारला नाही. मात्र एक गोष्ट थांबली नाही. नवऱ्याचे तोंडही न पाहिलेल्या बाईचे कुंकू पुसले गेले, बांगड्या फोडल्या गेल्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढली गेली. त्याला गर्दी लागत नाही. घरातल्या चार बायका पुरतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाचे प्रमोद झिंजाडे यांनी कोरोनाच्या काळात आपल्या एका सहकाऱ्याच्या पत्नीच्या बाबतीत हेच पाहिले. त्यांनी आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर हे विधी लादू नयेत, असे प्रतिज्ञापत्र केले आणि मग गावांनी असा ठराव करावा म्हणून आवाहन सुरू केले. त्या आवाहनाला पहिल्यांदा उत्तर आले ते कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडहून.

शिरोळ म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा, उसाचा आणि महापुराचा तालुका. २०१९ चा पूर, मग कोरोना, मग जुलै २०२१ चा पुन्हा पूर. तीन वर्षांत तीनदा मोडलेल्या या भागातल्या एका गावाने ४ मे २०२२ रोजी सरपंच सुरगोंडा पाटील यांच्या कारकिर्दीत ठराव केला. पती गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे, समारंभात येऊ न देणे या प्रथा गावात बंद. ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे दिवस होते. ६ मेला शंभर वर्षे पूर्ण होणार होती. शाहूंनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला होता, हा धागा गावाच्या मनात होताच. हेरवाडमागोमाग हातकणंगले तालुक्यातल्या माणगावनेही असाच ठराव केला. हे तेच माणगाव, जिथे मार्च १९२० मध्ये शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर परिषदेसाठी एका व्यासपीठावर आले होते.

हेरवाडनंतर तेरा दिवसांनी, १७ मे रोजी, ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढले आणि सर्व ग्रामपंचायतींनी हेरवाडचे अनुकरण करावे म्हणून जिल्हा परिषदांना प्रयत्न करायला सांगितले. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ हे कोल्हापूरचेच. एरवी परिपत्रक मंत्रालयातून गावात येते. इथे गावातला ठराव मंत्रालयात जाऊन परिपत्रक झाला. स्थानिक स्वराज्याच्या आपल्या इतिहासात अशी उदाहरणे बोटावर मोजण्याइतकी असतील. पुढे हजारो ग्रामपंचायतींनी ठराव केले.

आता प्रश्न असा, की या ठरावात दम किती?

कायद्याच्या काट्यावर तोलले तर थोडा. राज्यघटनेच्या २४३-जी कलमाने पंचायतींना तेवढेच अधिकार मिळतात जेवढे राज्याचा कायदा देईल. अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत महिला व बालविकास आहे, समाजकल्याण आहे; पण घरातल्या विधीबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमात कुठे नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. त्याच्या अनुसूचीत ही प्रथा नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जातपंचायतींसाठी आहे. सासूने सुनेच्या बांगड्या फोडल्या तर तो लागू करणे कठीण. म्हणजे ठराव मोडणाऱ्याला ग्रामपंचायत फार तर समजावू शकते.

दुसरा आक्षेप स्त्रीवादी मैत्रिणींकडून आला, आणि तो वजनदार आहे. कुंकू पुसू नका म्हणताना कुंकू हीच बाईच्या मानाची खूण आहे हे आपण मान्यच करतो ना? जिने कधी लग्नच केले नाही, जिला नवऱ्याने टाकले, जी धर्माने कुंकू लावतच नाही, तिचा मान कुठून येणार? मुळात ‘सौभाग्य’ या शब्दावरच ठराव हवा होता, असे एका मैत्रिणीचे म्हणणे होते. तत्त्व म्हणून मला ते पटते. पण ज्या बायकांशी मी बोलले त्यांच्यातल्या बहुतेकींना कुंकवाच्या अर्थाशी भांडायचे नव्हते. त्यांना हळदीकुंकवाला बोलावणे हवे होते, मुलाच्या लग्नात ओवाळायला पुढे व्हायचे होते, शेतात एकटीने गेल्यावर कोणी ‘आता हिला कोण आहे’ अशा नजरेने पाहू नये असे वाटत होते. गावात कुंकू ही सुरक्षिततेची पाटी आहे. ती पाटी वाईट आहे हे खरे. पण पाटी काढून घेतल्यावर जे सोसावे लागते ते आज सोसावे लागते, आणि पाट्यांची गरजच नसलेले गाव अजून दूर आहे.

तिसरा आक्षेप घेणारे आक्षेप घेत नाहीत, हसतात. “ठराव काय हो ताई, कागद आहे,” असे एका सदस्याने मला सांगितले. त्याच्या गावाने तो ठराव एकमताने केला होता, आणि त्यानंतर गावात झालेल्या दोन मृत्यूंच्या वेळी बांगड्या फुटल्याच होत्या. पण त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावात वेगळे घडले. तिथे आशाताई, अंगणवाडी सेविका आणि दोन महिला सदस्य मयताच्या घरी आधीच जाऊन बसल्या. त्यांनी काही भाषण केले नाही. त्या फक्त तिच्या शेजारी बसून राहिल्या, आणि सासूबाईंना म्हणाल्या, “मामी, गावाचा ठराव झालाय, आता हे करायचं नसतं.” सासूला लोकांना सांगायला कारण मिळाले. माझ्या मते ठरावाची खरी ताकद इथे आहे. ज्या सासूला मनातून हे करायचे नसते पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून करावे लागते, तिच्या हातात तो लोकांचाच कागद देतो. ज्या सासूला करायचेच आहे तिच्यापुढे त्याचे काही चालत नाही.

महिला सदस्य हा शब्द इथे महत्त्वाचा. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत बायकांना निम्म्या जागा आहेत, आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचा नियम आहे. ही महिला सभा बऱ्याच गावांत फक्त सह्यांच्या वहीत भरते. जिथे ती खरोखर भरते तिथे ठराव टिकतो, असा माझा मर्यादित अनुभव आहे.

इथपर्यंत मी ठरावाच्या बाजूने बोलले. पण माझे खरे म्हणणे दुसऱ्या वहीबद्दल आहे, कारण बांगड्या फुटतात त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट ठरत असते.

दहाव्या-तेराव्याला भावकी जमते. कर्ज किती, औषधपाण्याला कोणी किती घातले, मुले कोण बघणार, जमिनीचे कसे, हे त्याच बैठकीत बोलले जाते. कुंकू पुसलेली, कोपऱ्यात बसवलेली बाई त्या बैठकीत नसते. तिथे तिला ऐकू येते पण बोलता येत नाही. विधी आणि वाटणी या आपल्याला दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, एक धर्माची आणि एक व्यवहाराची. गावात त्या एकाच बैठकीच्या दोन बाजू आहेत. जिचे कुंकू गेले तिचा शब्द गेला, असा सरळ हिशेब असतो. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदासुद्धा हाच हिशेब मानत होता: विधवेने पुन्हा लग्न केले की मृत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा तिचा हक्क गेला, असे त्याच्या दुसऱ्याच कलमात होते.

आजचा कायदा तसा नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी ही मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीची पहिल्या वर्गाची वारस आहे. पण कोरोनाने नेलेली कितीतरी माणसे तिशी-चाळिशीतली होती, आणि त्यांचे वडील जिवंत होते. सातबारा वडिलांच्या नावावर. घरही वडिलांच्या नावावर. मुलाचे नाव कुठल्याच कागदावर नाही, मग त्याच्या पत्नीची वारसनोंद कशावर करणार? तलाठ्याकडे गेले की तो म्हणतो, “मयताच्या नावावर काही असेल तर आणा.” तो नियमाने बरोबरच बोलतो. जमीन वडिलोपार्जित असेल तर त्या मुलाचा तिच्यात जन्मतः हिस्सा होता आणि तो आता पत्नीकडे आणि मुलांकडे येतो, पण तो मिळवायला वाटणीचा दावा लावावा लागतो, सासऱ्याविरुद्ध, त्याच घरात राहून. सासऱ्याकडून पोटगी मागण्याचा हक्क १९५६ च्याच दत्तक व निर्वाह कायद्याच्या १९ व्या कलमात आहे, तोही वडिलोपार्जित मिळकतीतून आणि पुन्हा लग्न करेपर्यंतच. पाहिलेल्या प्रकरणांत हे कलम वापरणारी एकही बाई मला भेटली नाही. भांडून जगायचे की न भांडता, हा प्रश्न तिच्यापुढे असतो, आणि मुले लहान असताना बहुतेक जणी न भांडता जगणे पत्करतात.

जमीन महसूल खात्याची. तिथे ग्रामपंचायतीचा हात पोहोचत नाही. पण घर? घराची नोंद नमुना आठला, आणि ती वही ग्रामपंचायतीची स्वतःची. (महसुलाचा ८-अ हा खातेउतारा वेगळा, एका बाईला मी तीन चकरा मारताना पाहिले, कारण बँकेने नुसते ‘आठचा उतारा आणा’ म्हटले होते.) ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच सांगून ठेवले आहे की गावठाणातल्या घराला पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे. त्याच्याही आधी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून जमीन बायकोच्या नावे करणाऱ्या गावांचा सन्मान केला होता. म्हणजे कल्पना नवी नाही. गावाने ती स्वतः अमलात आणायला कोणाच्या परवानगीची फारशी गरज नाही. सासऱ्याच्या नावावरच्या घरालाही, सासऱ्याच्या संमतीने, सुनेचे नाव सहधारक म्हणून लागू शकते. संमती मिळवायला वकील नको, सरपंचाची एक खेप पुरते. बांगड्या फोडू नका सांगायला जी माणसे गेली, त्यांनी तेवढे विचारायचे.

मी पाहिलेल्या गावांपैकी ज्यांनी विधवा प्रथाबंदीचा ठराव केला आहे, तिथल्या नमुना आठमध्ये मी कोरोनात गेलेल्यांची घरे शोधली. माझी पाहणी लहान आहे आणि तिच्यावरून राज्याचे गणित मांडता येणार नाही. पण ठराववही आणि नमुना आठ ही दोन कपाटातली शेजारची पुस्तके एकमेकांशी बोललेली मला क्वचितच आढळली. एका पुस्तकात बाईला सन्मानाने जगण्याचा हक्क दिलेला, आणि दुसऱ्यात तिचे घर अजून मयताच्या नावावर. घरपट्टीची मागणीही त्याच्याच नावाने निघते, २०२१ मध्ये गेलेल्या माणसाला २०२४ ची.

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. ग्रामीण भागात जन्म-मृत्यूचा निबंधक ग्रामसेवकच असतो. (२०२४ पासून त्याला ‘ग्रामपंचायत अधिकारी’ म्हणायचे आहे आणि तलाठ्याला ‘ग्राम महसूल अधिकारी’; गावाने अजून दोन्ही नावे मनावर घेतलेली नाहीत.) गावात मृत्यू झाला की तो आपल्या हाताने त्याची नोंद करतो. नमुना आठही त्याच्याच ताब्यात. त्याच टेबलावर एका वहीत माणूस मेलेला आणि दुसरीत जिवंत, आणि दोन्हींवर सही एकाच माणसाची. तरी वारसाचे नाव लावायला बाईने अर्ज द्यायचा, मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडायची (जो दाखला त्यानेच दिला), वारसांचे प्रतिज्ञापत्र आणायचे आणि मासिक सभेची वाट पाहायची. मी एका ग्रामसेवकाला विचारले, मृत्यूची नोंद झाली की तुम्हीच वारसांना नोटीस का काढत नाही? तो प्रामाणिक माणूस होता. तो म्हणाला, “मॅडम, काढू शकतो. पण मग भावकीत भांडण लागलं तर ते माझ्या दारात येणार.”

त्याचे उत्तर मला खोटे वाटले नाही. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन, तीन-तीन गावे असतात, आणि बदली तालुक्यातले पुढारी ठरवतात. म्हणूनच हे काम एकट्या कर्मचाऱ्यावर न सोडता ग्रामसभेच्या ठरावाने करायला हवे. ठराव साधा असेल: गावात मृत्यूची नोंद झाल्यापासून अमुक दिवसांत ग्रामपंचायत स्वतः वारसांना नोटीस काढील, पत्नीचे नाव नमुना आठला लावण्याचा विषय पुढच्या मासिक सभेत घेईल, आणि जमीन असल्यास महसूल कायद्यातल्या तीन महिन्यांच्या मुदतीत वारसाची वर्दी देण्यासाठी बाईबरोबर एक सदस्य तलाठ्याकडे जाईल. याला निधी लागत नाही. घटनादुरुस्तीही नको. प्रथाबंदीच्या ठरावाला जी कायद्याची धार नाही, ती या ठरावाला आहे, कारण नमुना आठ ठेवणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्यच आहे आणि ते न पाळल्यास गटविकास अधिकाऱ्याकडे दाद मागता येते.

काही गावांतल्या महिला सदस्यांपुढे मी हे मांडले. एकीने लगेच अडचण सांगितली: नाव लावायला गेलो की लोक म्हणतील, बघा, कुंकवाचं निमित्त करून या घरं फोडायला निघाल्या. दुसरी, स्वतः कोरोनात नवरा गेलेली आणि नंतर निवडून आलेली, तिच्याकडे वळून म्हणाली, “अक्का, घर फोडत नाही, पत्ता लावतो. उद्या तुझं पोरगं शाळेच्या दाखल्यावर कुणाचं घर लिहिणार?” त्या दिवशी ठराव झाला नाही. विषयपत्रिकेवर घ्यायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला, आणि मग पाणीपट्टीच्या थकबाकीकडे चर्चा वळली.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेची विषयपत्रिका निघेल ती साधारण आठवडाभर आधी. विषय सुचवायला मतदार यादीत नाव पुरते. त्या दुसऱ्या सदस्येने मला फोनवर सांगितले की गावात मार्च २०२० पासून नोंदलेल्या सगळ्या मृत्यूंची यादी तिने ग्रामसेवकाकडून लेखी मागितली आहे, आणि तिच्या शेजारी नमुना आठचा रकाना आखायला घेतला आहे. पहिली ओळ तिच्या स्वतःच्या घराची आहे.